पॉलिनेशियन ग्रुप्सना सरकार पैसे देतं, मग आमच्या ढोल पथकाला का नाही?

प्रश्न लांब होता, त्यातलं मुख्य आधी मांडते. तुमची मुलगी इथे न्यूझीलंडमध्ये, साऊथ ऑकलंडच्या हायस्कूलमध्ये आहे, मैत्रिणींनी तिला शाळेच्या सामोअन ग्रुपमध्ये ओढलंय, रोज संध्याकाळी प्रॅक्टिस, शनिवारी तर दिवसभर, आणि अभ्यासाचं काय ही तुमची काळजी. दुसरं, आणि मला वाटतं खरं दुखणं हेच, की तुमच्या मंडळाच्या ढोल-ताशा पथकाचा ग्रांटचा अर्ज नामंजूर झाला आणि तुम्ही लिहिलंय की "ह्या पॉलिनेशियन लोकांना नाचगाण्यासाठी सरकार पैसे ओततं, टॅक्स आपण पण भरतो".

मी एकोणीस वर्षं इथल्या शाळांत म्युझिक शिकवतेय, आणि मधली सहा वर्षं लोकल आर्ट्स ग्रांटचे अर्ज वाचणाऱ्या कमिटीवर होते, म्हणजे अर्ज नामंजूर करणाऱ्यांत मी पण होते. त्यामुळे रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, पण आधी वाचा.

पहिल्यांदा "पॉलिनेशियन" ह्या शब्दाचं बघू. तुम्ही ह्या एका पोत्यात जे सगळे भरलेत त्यातले माओरी हे ह्या देशाचे मूळ लोक. त्यांचा १८४० चा वायटांगी करार थेट ब्रिटिश राजसत्तेशी झालेला, त्यामुळे त्यांच्या कलेवरचा खर्च हा बाहेरून आलेल्यांना मदत ह्या खात्यातला नाहीच, करारातून सरकारवर जी जबाबदारी येते त्यातला आहे. सामोअन, टोंगन, कुक आयलंड्स, निउए, तोकेलाउ वगैरे, ज्यांना इथे पॅसिफिका म्हणतात, ते आपल्यासारखेच समुद्र ओलांडून आलेले, बरेचसे दुसऱ्या महायुद्धानंतर, कारखान्यांना माणसं हवी होती तेव्हा. त्यातही कुक आयलंड्स, निउए, तोकेलाउवाले जन्मापासून न्यूझीलंडचे नागरिक आणि सामोअन-टोंगन नाहीत, हा फरक पुढे महत्त्वाचा आहे. २०२३ च्या जनगणनेत हे सगळे पॅसिफिका मिळून सुमारे ४ लाख ४२ हजार, लोकसंख्येच्या ८.९ टक्के. कमिटीवर पहिल्या वर्षी मी पण सरसकट "पॉलिनेशियन अर्ज" असं म्हणाले होते, तर शेजारच्या कुक आयलंडर आजी शांतपणे म्हणाल्या, मग तुझा अर्ज "एशियन" म्हणून चायनीज न्यू इयरच्या फाईलमध्ये टाकू का? तेव्हापासून जिभेला वळण लागलं.

आता पॉलीफेस्ट, म्हणजे शाळांच्या माओरी आणि पॅसिफिका नाचगाण्यांचा स्पर्धा-महोत्सव, ज्यासाठी तुमची मुलगी घाम गाळतेय. हा सुरू झाला १९७६ मध्ये, ओटाराच्या हिलरी कॉलेजच्या हॉलमध्ये, मोजक्या शाळा घेऊन. ते साल लक्षात ठेवा. त्याच काळात इथे पोलीस पहाटे पहाटे घरांत घुसत होते, डॉन रेड्स म्हणतात त्याला, व्हिसा संपलेले लोक शोधायला. व्हिसा संपलेल्यांत ब्रिटिश आणि अमेरिकन पण भरपूर होते, पण दार वाजायचं ते सामोअन आणि टोंगन लोकांचं. साठच्या दशकात ज्यांना कामाला या म्हणून बोलावलं त्यांनाच तेलाच्या संकटानंतर नोकऱ्या आटल्यावर परत जा म्हणून सांगितलं जात होतं, रस्त्यात अडवून कागद दाखव म्हणत होते. आणि त्याच वर्षी त्याच वस्तीतल्या शाळेत पोरं आपापल्या भाषेत, आपापल्या कपड्यांत स्टेजवर उभी राहिली. कुठल्या सरकारी स्ट्रॅटेजीने हे झालं नाही, शिक्षक आणि आईबापांनी केलं. त्या रेड्सबद्दल सरकारने माफी मागितली ती १ ऑगस्ट २०२१ ला, ऑकलंड टाऊन हॉलमध्ये, तेव्हाच्या पंतप्रधान आर्डर्न इफोगाच्या, म्हणजे सामोअन लोकांच्या जाहीर माफी मागायच्या पद्धतीने विणलेल्या चटईखाली बसल्या. म्हणजे माफी यायला पंचेचाळीस वर्षं लागली, तोवर पॉलीफेस्ट चार दिवसांचा, मनुकाऊच्या मैदानावर माओरी, सामोअन, टोंगन, कुक आयलंड्स, निउए अशी वेगवेगळी स्टेजेस असलेला अवाढव्य प्रकार झाला होता आणि नावापुढे बँकेचं नाव लागलं होतं. एक डायव्हर्सिटी स्टेज पण आहे, तिथे आपली भारतीय मुलं नाचतात, ती सोय आपण मागून मिळालेली नाही, त्यांच्या घरात त्यांनी आपल्याला दिलेली खोली आहे.

तुम्हाला वाटतं आधी पैसे आले मग नाच आला. इथे उलटं झालंय. पैसे फार उशिरा आले आणि अजूनही नाचाच्या मापाचे नाहीत, त्याबद्दल पुढे सांगते.

आधी तुमची मुलगी तिथे काय करते ते सांगते, कारण आईबाप लांबून बघतात तेव्हा त्यांना फक्त टाळ्या आणि मांडीवर थापट्या दिसतात. सामोअन ग्रुपचा कार्यक्रम म्हणजे एक अख्खा क्रम असतो, आत येण्याचं गाणं, मग त्या दिवसाचं खास गाणं, मग सासा, ज्यात सगळे बसून एका लयीत हातांनी रोजची कामं दाखवतात आणि साथीला पाते नावाचा लाकडी ढोल, पत्र्याचा डबा, गुंडाळलेली चटई बडवणं, मग मुलांचा फाआताउपाती म्हणजे अंगावर थापट्यांचा नाच, आणि शेवटी ताउआलुगा. ताउआलुगा मधोमध एकटी मुलगी करते, इतकी सावकाश की डोक्यावरचा मुकुट हलू नये, आणि तिच्या बाजूने बाकीचे मुद्दाम वेडेविद्रे नाचतात, तिचा डौल उठून दिसावा म्हणून. हे सगळं सामोअन भाषेत, परीक्षक शब्दांचे उच्चार पण बघतात. तुमच्या मुलीला तीन महिन्यांत शंभरेक ओळी पाठ होतील आणि कुठल्या ओळीला कुठे बघायचं, मोठ्यांच्या पुढून जाताना वाकून "तुलोउ" कसं म्हणायचं, हे सगळं. अभ्यासाचं म्हणाल तर माझ्या अनुभवात ह्या ग्रुपमधली पोरं सहसा शाळा चुकवत नाहीत, कारण शाळा चुकवली तर ट्यूटर प्रॅक्टिसला उभं करत नाही. माझ्या शाळेत तरी हजेरीचा ह्याच्याइतका चालणारा उपाय दुसरा नव्हता.

गाण्याबद्दल थोडं जास्त सांगते, माझा विषय आहे म्हणून. माझ्या पहिल्या वर्षी मी वर्गाला भूपाचा एक साधा अलंकार दिला, सारेग रेगप असा. तिसऱ्यांदा म्हणताना मागच्या बाकावरच्या दोन पोरांनी खालून आपला सूर जोडला, मग खिडकीजवळच्या मुलींनी वरून जोडला, कोणी सांगितलं नव्हतं, कोणाला स्टाफ नोटेशन येत नव्हतं, आणि माझा भूप चर्चमध्ये जाऊन बसला. मी आयुष्यभर एका सुरात गाणारी बाई, मला कळेना की आता थांबवू कसं. ही चार आवाजांत गायची सवय चर्चमधून आलेली, सामोआत लंडनचे मिशनरी १८३० मध्ये उतरले, त्यांनी आणलेली स्तोत्रं ह्या लोकांनी अशी पचवली की आज ती त्यांचीच झालीयत. इथे आल्यावर पण पहिलं घर चर्चच झालं, ऑकलंडच्या न्यूटनमध्ये पॅसिफिक लोकांचं चर्च १९४७ मध्ये उभं राहिलं. म्हणून कोणी मला "अस्सल परंपरा, बाहेरचं काही नको" म्हणायला लागलं की मी हार्मोनियमकडे बोट दाखवते. आपल्याकडे ती युरोपातून आली आणि आता तिच्याशिवाय भजन होत नाही, तसंच हे.

पण गंमत बघा, ज्या पोरांना चार आवाज आपोआप येतात ती माझ्या विषयात नापास व्हायची, कारण मार्क नोटेशनला होते. वर्षानुवर्षं. माओरी परफॉर्मिंग आर्ट्ससाठी आता "ते आओ हाका" नावाचा स्वतंत्र विषय परीक्षेत आलाय, आणि तो बाकी विषयांच्या बरोबरीचा धरला जातो. हा माझ्या मते ग्रांटपेक्षा मोठा निर्णय. ग्रांटचा चेक एका वर्षात संपतो, विषय अभ्यासक्रमात गेला की शिक्षकाची नोकरी तयार होते.

आता फॉर्मकडे येते. कुठल्याही आर्ट्स ग्रांटच्या फॉर्मवर एक रकाना असतो: कलाकाराचं नाव, अनुभव, मानधन. टोंगन लोकांकडे पुनाके असतो. पुनाके म्हणजे कविता करणारा, चाल लावणारा, नाच बसवणारा, तिन्ही एकच माणूस, आपल्या शाहिराला नाच बसवायचं काम पण दिलं तर जे होईल ते. त्यांचा लाकालाका हा मोठा प्रकार, शेकडो माणसं ओळीत उभी राहून गातात आणि हातांनी कवितेचा अर्थ काढतात, त्याची युनेस्कोने २००३ मध्ये दखल घेतली. राणी सालोते, १९१८ ते १९६५ राज्य केलेली, स्वतः मोठी पुनाके होती. आता सांगा, ह्यात कलाकार कोण? पुनाके? तीनशे लोक? की ज्या गावासाठी तो बसवला ते गाव? फॉर्म एक नाव मागतो. मी कितीतरी अर्ज पाहिले ज्यात लोकांनी बिचाऱ्या चर्चच्या सेक्रेटरीचं नाव "लीड आर्टिस्ट" म्हणून टाकलेलं, कारण ईमेल तिलाच येत होतं.

दुसरं म्हणजे पैसे. टोंगन मुलगी ताउओलुंगा नाचते तेव्हा तिच्या अंगाला खोबरेल तेल चोपडलेलं असतं, आणि बघणारे उठून पुढे येतात आणि नोटा तिच्या दंडावर, खांद्यावर चिकटवतात. ह्याला फाकापाले म्हणतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या डोक्यात एकच शब्द आला, दौलतजादा. आणि त्या शब्दाबरोबर आपल्या डोक्यात जे जे येतं ते पण आलं, नजरा, शिट्ट्या, सगळं. मी संकोचून खाली बघत बसले. शेजारच्या बाईंनी ओळखलं असावं, त्यांनी पाच डॉलरची नोट माझ्या हातात कोंबली आणि म्हणाल्या जा. गेले. ती मुलगी पंधरा वर्षांची, पुढे आलेल्यांत तिची आजी, मामा, पाद्री, शाळेचे प्रिन्सिपल. चिकटवलेल्यातला एक पैसा तिचा नसतो, सगळं शाळेच्या किंवा चर्चच्या कामाला जातं, आणि चिकटवण्याचा अर्थ एवढाच की तुझं घराणं आम्ही ओळखतो. शब्द तोच लागू पडेल असं वाटलं आणि आत सगळंच वेगळं निघालं.

तर हे फॉर्ममध्ये कुठे लिहायचं? तिकिटाचं उत्पन्न? देणगी? छोट्या कम्युनिटी ग्रांट्सच्या नियमांत साधारणपणे फंडरेझिंगचे कार्यक्रम बसत नाहीत, खाण्यापिण्याचा खर्च बसत नाही, वाद्यं आणि कपडे विकत घेणं बसत नाही. आता ह्या लोकांचा कार्यक्रम म्हणजे नेमकं काय असतं, तर साठ पोरांना तीन महिने जेवू घालणं, आज्यांनी कपडे आणि हार करणं, आणि शेवटी फाकापालेने पैसे उभे करणं. नियम कोणी वाईट बुद्धीने केलेले नाहीत, पण ज्याने केले त्याच्या डोळ्यासमोर तीन खुर्च्या, एक चेलो आणि मध्यंतरात वाईन असणार. तुम्हाला वाटतं ते तुमच्या रांगेत पुढे उभे आहेत, प्रत्यक्षात त्याच नियमांनी त्यांचे पण अर्ज नामंजूर होतात, फक्त ते अर्ज नामंजूर झाला म्हणून कार्यक्रम थांबवत नाहीत.

मोठ्या पैशांचं पण सांगून टाकते, कारण तुम्ही टॅक्सचं बोललात. न्यूझीलंड सिम्फनी ऑर्केस्ट्राला स्वतःचा कायदा आहे, २००४ चा, म्हणजे त्यांना दरवर्षी सरकारकडून येणाऱ्या पैशासाठी तुमच्या-माझ्यासारखं फॉर्म भरत बसावं लागत नाही. "ते मातातिनी", म्हणजे कापा हाकाची (माओरी गटांच्या नाचगाण्याची) राष्ट्रीय स्पर्धा, १९७२ पासून चालू, लाखो लोक टीव्हीवर बघतात, तिला मोठी रक्कम मिळाली ती २०२३ च्या बजेटमध्ये, दोन वर्षांसाठी ३ कोटी ४० लाख डॉलर. एक्कावन्न वर्षांनी. आणि त्याच्या आदल्याच वर्षी शाळांच्या शेक्सपिअर स्पर्धेला सुमारे तीस हजार डॉलर नाकारले गेले तर पेपरांत जगबुडी झाली होती आणि पंतप्रधानांना बोलावं लागलं होतं. मला शेक्सपिअरशी वैर नाही, मी शिकवलाय, पण कुठल्या कलेला दर वेळी स्वतःची गरज पटवून द्यावी लागते आणि कुठलीला नाही, हे ह्यातून दिसतं.

आणि ही गरज हौसेपुरती नाही. निउए बेटावर आज दोनेक हजाराच्या आत माणसं राहतात, आणि न्यूझीलंडमध्ये निउए वंशाचे तीस हजारांवर. म्हणजे ती भाषा टिकली तर ऑकलंडमध्ये टिकेल, नाहीतर कुठेच नाही. मराठीचं तसं नाही, आपली मुलं इथे मराठी विसरली तरी साताऱ्यात कोणी विसरत नाही. मागे कोट्यवधी बोलणारे नसून एक छोटं बेट असलं की शाळेच्या स्टेजवरचं दहा मिनिटांचं गाणं किती जड होतं, ह्याचा विचार करा. हवाईचं उदाहरण घ्या, तिथे १८३० मध्ये मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली राणी काआहुमानूने जाहीर हुला, म्हणजे हवाईचा पारंपरिक नाच, बंद करायला लावला, राजा कालाकाउआने १८८३ मध्ये आपल्या राज्याभिषेकाला तो मुद्दाम परत उघड्यावर आणला, मग राज्य गेलं, १८९६ च्या कायद्याने शाळांतून हवाईयन भाषा हद्दपार झाली, आणि १९७८ मध्ये ती राज्याची अधिकृत भाषा झाली तोवर घरात ती बोलणारी पोरं जवळपास संपली होती. मधल्या काळात शब्द कुठे होते? हुलाच्या मेले मध्ये, म्हणजे ज्या कवितांवर हुला नाचतात त्यात. हवाईतल्या हिलो गावी त्याच कालाकाउआ राजाच्या नावाने हुलाची मोठी स्पर्धा १९७१ पासून होते, तिथे आजही शब्द चुकला की मार्क जातात.

(हवाईचं निघालंच आहे तर, ब्रिजभूषण काब्रांची आडवी ठेवून वाजवलेली गिटार तुमच्या घरी नक्की कधीतरी वाजली असेल. ती वाजवायची पद्धत हवाईची आहे, लाइए गावचा जोसेफ केकुकू नावाचा मुलगा तिचा जनक मानतात. आपण मजेत घेतली आणि कोणाची ते विसरलो.)

घेऊन विसरण्यावरून, २०१९ मध्ये साऊथ ऑकलंडच्याच एका शाळकरी सामोअन-कुक आयलंडर मुलाने घरी बसून एक बीट केली. इथली पोरं सायकलींवर, गाड्यांवर भोंगे बांधून गाणी वाजवत फिरतात, सायरन म्हणतात, शेजारी पोलिसांना फोन करतात, त्या भोंग्यात कुरकुरीत वाजेल अशी बीट. नाव जॉश ६८५, ६८५ हा सामोआचा फोन कोड. ती टिकटॉकवर गेली, जगभरची मुलं त्यावर आधी साध्या कपड्यांत आणि मग आपापल्या पारंपरिक कपड्यांत नाचायला लागली, आणि एका मोठ्या अमेरिकन गायकाने त्यावर गाणं करून आधी ह्याचं नाव न घालताच टाकलं. आरडाओरडा झाला, मग नाव लागलं, करार झाला, आणि २०२० मध्ये ते अमेरिकेत एक नंबरला गेलं. ग्रांट शून्य. ह्या मुलाचं एक नाव होतं, एक फाईल होती, म्हणून भांडता तरी आलं. ज्या गाण्याचा मालक एक अख्खी जमात आहे त्याचं काय? "का माते" हा हाका, म्हणजे माओरींचा ललकारीचा नाच, सगळ्या जगाने बिस्किटांच्या जाहिरातीपर्यंत नेला, शेवटी २०१४ मध्ये खास कायदा झाला की तो "ते राउपाराहा" नावाच्या माओरी सरदाराने रचला आणि तो न्गाती तोआ जमातीचा आहे हे सांगावं लागेल. सांगावं लागेल, एवढंच. पैसे द्यावे लागतील असं त्यात नाही.

आता त्यांच्यातलं सगळं छान आहे असं पण समजू नका. स्पर्धेमुळे नाच परीक्षकांच्या मापाने शिवले जातात, दरवर्षी थोडा वेग वाढतो, थोड्या उड्या वाढतात, म्हातारी माणसं कुरकुरतात. कपड्यांचा खर्च काही घरांना झेपत नाही आणि नाही म्हणायची लाज वाटते. ट्यूटर, बहुतेक माजी विद्यार्थी, दिवसा वेअरहाऊसमध्ये काम करून संध्याकाळी फुकट शिकवतात आणि तिशीत थकून सोडतात. मला विचाराल तर सगळा पैसा स्टेजवरून काढून ह्या ट्यूटर्सना पगार म्हणून द्यावा, पण रिबन कापायला स्टेज लागतं, पगाराची स्लिप कापता येत नाही.

तुमच्या अर्जाचं. तुम्ही नऊ ढोल आणि चार ताशे विकत घ्यायला पैसे मागितले, ते बसणारच नव्हतं. ढोल उसने आणा किंवा वर्गणी काढा, त्यात आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. ग्रांट मागा ती शिकवणाऱ्याच्या मानधनासाठी, हॉलच्या भाड्यासाठी, आणि दहा आठवड्यांच्या वर्कशॉपसाठी ज्यात मराठीच नाही तर आसपासची कुठलीही पोरं येऊ शकतील. "आमची महान संस्कृती" हा परिच्छेद काढा, असे चाळीस परिच्छेद कमिटी एका दुपारी वाचते. त्याऐवजी किती मुलं, कोण शिकवणार, कधी, कुठे. काम सुरू व्हायच्या आधी अर्ज द्या, झालेल्या गोष्टीचे पैसे मिळत नाहीत. आवाजाबद्दल शेजाऱ्यांशी बोललात हे एका ओळीत लिहा, ढोलाच्या अर्जात ते पहिलं शोधतात.

आणि शनिवारी मुलीला प्रॅक्टिसला सोडून गाडीतूनच परत फिरू नका. आत किचनमध्ये आया असतात, साठ जणांचं जेवण चाललेलं असतं, कोणी तुमचं नाव विचारायच्या आधी हातात सुरी आणि कांद्याची गोणी देईल. पोहे न्यायचे असतील तर तिखट कमी घाला आणि तुम्हाला वाटतं त्याच्या तिप्पट करा.